लघवीला आग होते पण कल्चर नॉर्मल, मग दुखतंय कशानं?

रातराणी:

नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे पण इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून लिहायची हिंमत करतेय. गेले काही महिने लघवीला जळजळ होण्याचा त्रास परत परत होतोय. पहिल्यांदा झालं तेव्हा डॉक्टरांनी युरिन रुटीन करायला लावली, पस सेल्स (पू झाल्याची खूण असलेल्या पांढऱ्या पेशी) भरपूर निघाले, अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत एकदम मोकळं वाटलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा उन्हाळी लागल्यासारखं झालं तेव्हा तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून त्याच गोळ्या आणल्या, कधी बरं वाटलं, कधी अर्धवटच. या वेळी मात्र कोर्स संपला तरी आग काही जात नाही म्हणून कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, तर रिपोर्टमध्ये "नो ग्रोथ", काहीच उगवलं नाही. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन नाहीये, पाणी भरपूर प्या. अहो पण मग दुखतंय ते काय?

ताप नाही, रक्त वगैरे दिसलेलं नाही. लघवी साठली की ओटीपोटात दुखायला लागतं, जाऊन आलं की थोडा वेळ बरं, मग परत तेच. ऑफिसात मीटिंगमधून सारखं उठून जावं लागतं आणि रात्रीची झोपही मोडते. नवरा म्हणतो तू त्याचाच विचार करत बसतेस म्हणून होतं. इन्फेक्शन सोडून अजून कशाकशाने असं दुखू शकतं? वय ३४, शुगर नाही.

बिनधास्त_बंडू:

उष्णता झालीय ताई, दुसरं काही नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, दोन दिवसांत गायब. आमच्याकडे सगळे हेच करतात.

कल्चरप्लेट:

बंडूशेठ, सोड्यात सोडियम ठासून भरलेलं असतं, बीपीच्या नाहीतर हार्टच्या पेशंटने असं चमचा चमचा घेतलं तर वेगळंच प्रकरण उभं राहायचं. डॉक्टर लघवीचा आंबटपणा कमी करणारं जे अल्कलायझर सिरप देतात त्याने आग थोडी कमी होते, पण जंतू त्याने मरत नाहीत. आणि नायट्रोफ्युरँटॉइन ही लघवीच्या इन्फेक्शनची अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर लघवी अल्कलाइन करून उलट तोटाच, कारण ती गोळी ॲसिडिक लघवीत जास्त चांगली चालते. तेव्हा सोबत घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच.

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो म्हणून पहिला प्रश्न, कल्चरचं सॅम्पल तुम्ही कधी दिलंत? गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्यावर दिलं असेल तर "नो ग्रोथ"ला फारसा अर्थ उरत नाही. अँटिबायोटिकचे एकदोन डोस पोटात गेले तरी प्लेटवर बरेचदा काही उगवत नाही. लोक आधी गोळ्या खातात, बरं नाही वाटलं की मग टेस्टला येतात, आणि आम्ही काय उगवून दाखवणार? कल्चर करायचंच तर पहिल्या गोळीच्या आधी.

दुसरं म्हणजे सॅम्पल घ्यायची पद्धत. हे काउंटरवर कोणी नीट सांगत नाही, नुसती डबी हातात देतात. जागा साध्या पाण्याने धुवायची, पुढून मागे. बायकांनी दोन बोटांनी कातडी बाजूला धरायची, पहिली धार कमोडमध्ये सोडायची, मधली डबीत घ्यायची आणि शेवटची परत बाहेर. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, झाकण उपडं ठेवायचं नाही. आणि डबी पर्समध्ये ठेवून दिवसभर फिरायचं तर मुळीच नाही, तासाभरात लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. उन्हातान्हात ठेवलेल्या लघवीत दोनचार जंतू असतील त्यांचे लाखो होतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टवर येतं. तुमच्या जुन्या रुटीनच्या रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स किती होते तेही बघा. ते खूप असतील तर त्या सॅम्पलमध्ये बाहेरच्या कातडीचा कचरा आलाय असं समजायचं, मग पस सेल्सवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट, लघवीत बुडवायच्या स्ट्रिपवर नायट्राइट (जंतूंनी बनवलेलं एक रसायन) निगेटिव्ह आलं म्हणून इन्फेक्शन नाही असं होत नाही. काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत, आणि जे बनवतात त्यांनाही त्यासाठी लघवी पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, काही तास साठलेली लागते. तुमच्यासारखं सारखं सारखं जाणाऱ्या माणसाची स्ट्रिप खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

खडूस_डॉक्टर:

वरचं सगळं बरोबर आहे, लॅबवाल्यांना असं लिहिताना बघून बरं वाटलं. मी जनरल प्रॅक्टिस करतो. इथून कुणाचं निदान करणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

लघवीला त्रास म्हणजे इन्फेक्शन हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की पेशंट दार उघडतानाच अँटिबायोटिकचं नाव सांगत आत येतो. इन्फेक्शन हे सगळ्यात कॉमन कारण आहे हे खरंच. बहुतेक वेळा ई कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यातला जंतू, जो संडासच्या जागेवरून सरकत पुढे येतो. बायकांची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची २० च्या आसपास, म्हणून हा त्रास बायकांना कितीतरी जास्त, साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतोच. पण त्याची चाल ठरलेली असते. एकदोन दिवसांत अचानक सुरू होतं, लघवी करताना आग, दर थोड्या वेळाने घाई, जाऊन बसलं तर चार थेंब, लघवी गढूळ, कधी लालसर. योग्य औषध मिळालं की दोनतीन दिवसांत फरक.

चाल अशी नसेल तर मी पेशंटला एकच विचारतो, दुखतं नेमकं कुठे आणि कधी?

लघवी बाहेर पडून कातडीला लागते तेव्हा चरचरतं, आणि सोबत खाज किंवा पांढरं जाणं असेल तर भानगड बहुतेक योनीमार्गाची, फंगल वगैरे. याला लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या तर फंगस अजूनच माजतो, कारण त्याला अडवणारे चांगले जंतू आपणच मारून टाकतो. नवीन साबण, सुगंधी वॉश, स्प्रे, शुक्रजंतू मारणारी जेल यांनीही असंच चरचरतं. त्या जागेला आतून धुवायला काही लागत नाही हो, बाहेरून साधं पाणी बास.

आग आत नळीत होते, कल्चर परत परत निगेटिव्ह येतं पण पस सेल्स मात्र दिसतात, असं असेल तर क्लॅमिडिया, गोनोरिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूंची टेस्ट करावी. साध्या युरिन कल्चरमध्ये हे उगवत नाहीत, त्यांची पीसीआर टेस्ट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) वेगळी मागावी लागते. हे विचारलं की लोकांना राग येतो. यात कोणाच्या चारित्र्याचा पंचनामा नसतो, क्लॅमिडिया कितीतरी दिवस काहीच लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो. फक्त निघाला तर औषध दोघांनी घ्यायचं, एकट्याने घेतलं तर फिरून परत तेच.

पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं, हुडहुडी भरून ताप, उलट्या, असं काही झालं तर इथे पोस्ट टाकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं असू शकतं. वर नायट्रोफ्युरँटॉइनचं नाव आलंय ती गोळी तिथे चालत नाही, ती लघवीत उतरते पण किडनीच्या आत पुरेशी पोचत नाही. गरोदर बाईला नुसती जळजळ असली तरी थांबायचं नाही.

आता तुमचं. साठलं की दुखतं आणि रिकामं झालं की बरं, हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ब्लॅडर पेन सिंड्रोम नावाचा प्रकार असतो, त्यालाच इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात, त्यात नेमकं हेच होतं. लक्षणं सहा आठवड्यांच्या वर टिकलेली, कल्चर साफ, आणि दुसरं कारण सापडत नाही. याची अशी एक टेस्ट नाही, बाकीची कारणं एकेक करून बाद करत जावं लागतं, म्हणून वेळ लागतो आणि तोपर्यंत घरच्यांना वाटतं सगळं मनाचं आहे. टेन्शनने ते वाढतं हे खरं, पण टेन्शन आहे म्हणून दुखणं खोटं असं कुठे आहे?

दगडफोड्या:

डॉक्टरसाहेब, मुतखडा राहिला की!

माझी केस सांगतो. रात्री पाठीतून जी कळ सुरू झाली ती थेट खाली जांघेत, वृषणापर्यंत. बसवेना, झोपवेना, उभं राहवेना, नुसता खोलीभर येरझारा. इंजेक्शनने थांबली. नंतर कळ गेली ती गेलीच, पण सुरू झाली जळजळ, टोकाला सुई टोचल्यासारखी, आणि सारखी लघवीची भावना. सगळे म्हणाले आता इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक सुरू. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, शेवटी सीटी केल्यावर कळलं की ४ मिलिमीटरचा खडा खाली सरकून पिशवीच्या अगदी तोंडाशी अडकलाय आणि पिशवीला डिवचत बसलाय. म्हणजे आग खड्याची होती, जंतू बिंतू काही नव्हतं. किडनीतून पिशवीकडे येणाऱ्या नळीतला बारीक खडा सोनोग्राफीत बरेचदा सुटतो असं यूरोलॉजिस्ट म्हणाले.

गाळणीत लघवी करायची सांगितली होती, हसू येतं पण करा. खडा पडला की तो लॅबला देऊन कशाचा आहे ते बघता येतं, पुढचं पथ्य त्यावर ठरतं. माझा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, म्हणे बहुतेकांचा तोच असतो. तिळाच्या दाण्याएवढी ती वस्तू बघून विश्वास बसेना की हिने मला जमिनीवर लोळवलं.

खडूस_डॉक्टर:

बरोबर, ते लिहायचं राहिलं. ५ मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे आपणहून पडतात. दोन गोष्टी जोडतो. कळ चालू असताना घागरभर पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही, ते पाणी नंतर रोजच्या रोज प्यायचं असतं, लघवी दिवसाला दोन अडीच लिटर होईल एवढं. आणि खडा अडकलेला असताना ताप आला तर ती इमर्जन्सी, वर अडकलेली लघवी सडायला लागलेली असते, रात्र असली तरी हॉस्पिटल.

मधला_मुलगा:

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. वडील ६८. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, नंतर थेंब थेंब. ते म्हणतात वयाचं आहे. आता चार दिवस जळजळ पण आहे आणि सर्दी झाली म्हणून सर्दीच्या गोळ्या घेतल्यापासून जास्तच तुंबल्यासारखं होतंय. वर सांगितलेल्या गोळ्या त्यांना चालतील का?

खडूस_डॉक्टर:

नाही, कुठल्याही गोळ्या मनाने देऊ नका. आधी त्या सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या माणसाची लघवी पूर्ण अडू शकते. पूर्ण अडली, ओटीपोट फुगलं, तर लगेच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावा लागतो, सकाळची वाट बघायची नाही.

प्रोस्टेट वाढलं की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, खाली साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर किती उरते तेही मोजून मागा. पुरुषाचं इन्फेक्शन बायकांसारखं तीन दिवसांच्या कोर्सवर सोडायचं नसतं, प्रोस्टेटमध्ये शिरलं असेल तर औषध बरेच दिवस लागतं. आणि जळजळ चालू असताना पीएसए टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करू नका, इन्फेक्शनने तो आकडा वाढतो आणि घरात उगाच कॅन्सरची धास्ती. काही आठवड्यांनी करा. मात्र न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं तरी, ते दाखवायचंच. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

पन्नाशीपार:

आमच्या वयाचं कोणी बोलतच नाही. पाळी गेल्यावर मला हा त्रास सुरू झाला. आग, कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, आणि मधूनमधून खरंखुरं इन्फेक्शन. शेवटी एका गायनॅकने सांगितलं की इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली कातडी पातळ होते, चांगले जंतू कमी होतात. इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आत लावायचं. फरक पडायला काही आठवडे गेले पण पडला, इन्फेक्शनही कमी झाली. हार्मोन म्हटलं की बायका घाबरतात, पण हे तिथल्या तिथे लावायचं असतं, रक्तात फार कमी उतरतं. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांनी मात्र आधी विचारून.

अजून एक राग सांगते. काहीही त्रास नसताना हेल्थ चेकअपच्या रिपोर्टात बॅक्टेरिया दिसले की लगेच अँटिबायोटिक द्यायचे आधीचे डॉक्टर. या बाई म्हणाल्या लक्षणं नसतील तर नुसते जंतू दिसले म्हणून औषध द्यायचं नसतं, गरोदर असाल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

रातराणी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं तर कोणी समोर बसवून पण सांगितलं नव्हतं. कल्चरप्लेट दादा, हो, सॅम्पल गोळ्या संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिलं होतं. आता काही दिवस गोळ्या न घेता परत देईन. खाज, पांढरं जाणं असं काही नाही. पण एक गोष्ट आता लक्ष देऊन बघितली तर चहा कॉफी झाली की तासाभरात जास्त ठणकतं. आणि पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं म्हणून मी ऑफिसात पाणीच कमी केलं होतं. अजून एक, मला कुणीतरी केगल एक्सरसाइज (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करायला सांगितलेत, ते रोज करतेय. पुढे नेमकं कोणाकडे जाऊ, गायनॅक की यूरोलॉजिस्ट?

खडूस_डॉक्टर:

पाणी कमी करू नका, घट्ट लघवी पिशवीला जास्त झोंबते. एकदम लिटरभर पण नको, घोट घोट दिवसभर विभागून. इन्फेक्शन परत परत होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांवर २०१८ साली एक चांगला अभ्यास छापून आला होता, रोज दीड लिटर पाणी वाढवल्यावर त्यांची इन्फेक्शन्स जवळपास निम्मी झाली. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता. दुखणं पिशवीचं असेल तर नुसत्या पाण्याने ते जाणार नाही.

चहा कॉफी काही आठवडे पूर्ण बंद करून बघा, आंबट आणि फार तिखटही. फरक पडला तर एकेक परत सुरू करायचं म्हणजे आपला शत्रू कोणता ते कळतं. सगळ्यांना सगळंच बाधत नाही, म्हणून यादी बघून आयुष्यभर उपाशी राहू नका.

जायच्या आधी दोनतीन दिवसांची डायरी करा. जुना मेजरिंग कप घ्या, दर वेळी किती मिली झाली, किती वाजता, आणि जायच्या आधी दुखणं दहापैकी किती, एवढंच. साधारण पिशवी तीनचारशे मिली आरामात धरते. तुमची दर वेळी शंभराच्या आत असेल, रात्रीसुद्धा, तर डॉक्टरला त्या कागदावरून जे कळेल ते निम्म्या टेस्टमधून कळणार नाही. यूरोलॉजिस्टकडे जा, बायकांच्या लघवीच्या तक्रारी बघणारे युरोगायनॅक असतात, ते जवळपास असतील तर आणखी चांगलं.

आणि केगल आजपासून बंद. तुमच्यासारख्या दुखण्यात बरेचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यांना अजून आवळलं की दुखणं वाढतं. तिथे उलट स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते, आणि ती पेल्विक फ्लोअरचं ट्रेनिंग घेतलेल्या फिजिओकडेच. तपासणी होऊन कोणी स्पष्ट सांगेपर्यंत नको.

कल्चरप्लेट:

आणि ताई, परत सॅम्पल द्याल तेव्हा फॉर्मवर शेवटची अँटिबायोटिकची गोळी कोणती आणि कधी घेतली ते लिहा. तो रकाना सगळे रिकामा सोडतात.

मधला_मुलगा:

अपडेट, वडिलांना दाखवलं. लघवी करून आल्यावर पण पिशवीत २०० मिलीच्या वर उरत होती. सर्दीच्या गोळ्या बंद, कल्चर पाठवलंय. आता म्हणतात मला काय झालंय, चालत घरी जातो.